वावडे व थकवा : नीरेकाठच्या कुटुंबांकरिता एक धडा

ज्या मनुष्यास ताप नाही, जखम नाही, जो पोटभर जेवतो, आणि तरीही दिवसभर मरगळलेला असतो, त्यास आपल्या गावात बहुधा एकच नाव मिळते. ते म्हणजे आळशी. सून सकाळी उठून शिंकत बसली व दुपारी तिचे डोळे मिटू लागले, तर सासू म्हणते, "हिला काम नको." मुलगा शाळेत बाकावर डोके ठेवून पेंगू लागला, तर गुरुजी म्हणतात, "ह्याचे चित्त अभ्यासात नाही." खुरपणीच्या बाया बांधावर बसल्या, तर मुकादम त्यांची हजेरी कापतो. ह्यांतील काही माणसे खरोखर आळशी असतीलही. परंतु पुष्कळांच्या अंगी असा एक विकार असतो, की ज्यास आपण विकार असे समजतच नाही. त्याचे जुने मराठी नाव वावडे, व डॉक्टरांच्या बोलण्यात त्यासच ॲलर्जी म्हणतात. वावड्याचा व थकव्याचा संबंध काय, तो कसा ओळखावा व त्यावर काय करावे, हे ह्या धड्यात सांगावयाचे आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी हा धडा न वाचणाऱ्यांस सावकाश वाचून दाखवावा, व शेवटी दिलेल्या प्रश्नांवर आपसांत बोलावे.

१. वावडे म्हणजे काय?

ज्वारी हुरड्यात आली म्हणजे आपण शेतात माळा घालतो व त्यावर गोफण घेऊन राखणदार बसवितो. पाखरे आली की तो गोफण फिरवितो. हे त्याचे काम योग्यच होय. परंतु समजा, एखादा राखणदार असा भित्रा निघाला, की वाऱ्याने पान हलले तरी धोंडा फेकतो, व वाटेने जाणाऱ्या पाहुण्यावरही फेकतो. मग पाखरांनी केले नसते एवढे नुकसान त्याच्या धोंड्यांनीच होईल. कणसे मोडतील, ताटे आडवी होतील, आणि तो स्वतः दमून जाईल तो वेगळाच.

आपल्या शरीरातही असा राखणदार आहे. रोगजंतू व जंत आत शिरू नयेत म्हणून तो जागत असतो. कित्येकांच्या शरीरात हा राखणदार फुलांचे पराग, धूळ, बुरशी, पाखरांच्या पिसांचा कचरा, अशा निरुपद्रवी वस्तूंसही शत्रू मानतो. त्या वस्तूची खूण त्यास एकदा पटली, की पुढे ती नाकात शिरताच नाकाच्या व डोळ्यांच्या आतील अस्तरात असलेल्या विशेष पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर टाकतात. त्यायोगे नाक खाजते, पाणी गळते, शिंकांवर शिंका येतात, डोळे लाल होतात, व अस्तर सुजून नाक चोंदते. पराग स्वतः अपाय करीत नाही. अपाय होतो तो राखणदाराच्या गोफणीने.

ह्या विकारास ॲलर्जी हे नाव ऑस्ट्रिया देशातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनी १९०६ साली दिले. त्यापूर्वी इंग्लंडात ह्यास गवताचा ताप म्हणत असत. वास्तविक त्यात तापही नसतो, व वाळल्या गवताचाही तो दोष नव्हे. मँचेस्टर शहरातील चार्ल्स ब्लॅकली ह्या डॉक्टरांस हा विकार स्वतःस होता. त्यांनी निरनिराळ्या फुलांचे पराग आपल्याच नाकात घालून पाहिले, पतंगास चिकट काच बांधून उंच हवेतील परागही गोळा केले, आणि १८७३ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले, की ह्या विकाराचे मूळ परागात आहे. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे, की ज्यास लोक नाजूकपणा किंवा ढोंग म्हणत होते, त्याचे कारण शोधू गेले असता हाती लागले. आपल्याकडेही तसेच आहे.

२. आपल्या भागातील वावड्याची कारणे

बारामती व इंदापूर हे तालुके एके काळी मुख्यत्वे जिरायत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा झाला, आणि कालव्याखालच्या पट्ट्यात ऊस आला. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १९८० साली उजनी धरण पुरे झाल्यावर इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमेचे पाणी पसरले. पाण्याने पुष्कळांचे संसार सुधारले. परंतु पाण्याबरोबर व वाहतुकीबरोबर एक न बोलाविलेला पाहुणाही आला. तो म्हणजे गाजरगवत.

ह्या झुडपास आपण गाजरगवत, काँग्रेस गवत अथवा चटकचांदणी म्हणतो. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, फुले पांढरी व बारीक. त्याचे मूळ घर अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश होय. १९५५ च्या सुमारास ते पुणे येथे दिसून आले, व वनस्पतिशास्त्रज्ञ राव ह्यांनी १९५६ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. परदेशातून आलेल्या धान्यातून त्याचे बी आले असावे असे सामान्यतः मानतात. पुण्यापासून ते सडकांच्या कडेने, कालव्याच्या भरावावरून, पडीक रानातून व गावठाणातून सर्व देशभर पसरले. बी रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलू लागते, व एकेका झाडास हजारो बिया येतात. पाऊस पडला की त्याचे रान माजते. आणि जेथे पाटाचे पाणी असते तेथे ते बारा महिने दिसते.

ह्या गवतापासून दोन प्रकारचा त्रास होतो, व ते दोन्ही वेगळे ओळखणे अगत्याचे आहे.

पहिला त्रास परागाचा. पराग वाऱ्याने नाकात जातो व काही मिनिटांतच शिंका, नाकाची खाज व डोळ्यांतून पाणी सुरू होते. कित्येकांस पुढे दमाही होतो.

दुसरा त्रास त्वचेचा. झाडाच्या पानादेठांवरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते अंगास पुन्हा पुन्हा लागल्याने काही जणांची त्वचा खाजू लागते, लाल होते, जाड व काळपट होते. हा त्रास लागलीच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून कारण कळत नाही. वाळलेल्या झाडाची धूळही त्यास पुरते. त्यामुळे पापण्या, मान, कोपराची व गुडघ्याची लवण, अशा ठिकाणी रोग आधी दिसतो. पुणे येथील डॉक्टर लोणकर ह्यांनी १९६८ साली, आणि पुन्हा आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ साली, ह्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्यांचे आयुष्य उघड्या रानात जाते अशा शेतकऱ्यांत व मजुरांत तो अधिक आढळतो.

गाजरगवताखेरीज इतर कारणेही आपल्या घरादारात आहेत. ज्वारी-बाजरीच्या मळणीची धूळ, ओल्या कडब्यास व भुसकटास आलेली बुरशी, कोंबड्यांच्या शेडमधील पिसांचा व विष्ठेचा धुरळा, झुरळांचा कचरा, आणि गोधडी, उशी व गादी ह्यांत राहणारे, डोळ्यांस न दिसणारे धुळीतील किडे. चुलीचा धूर व पाचट जाळल्याचा धूर हे वावडे नव्हेत. परंतु आधीच सुजलेल्या नाकास व छातीस ते अधिक चेतवितात. म्हणून ज्या घरी वावड्याचा रोगी आहे, त्या घरी धूर कमी करणे हे अर्धे औषधच होय.

३. थकवा कोणत्या वाटेने येतो?

आता मुख्य विषयाकडे येऊ. शिंका नाकात, खाज डोळ्यांत. मग हातपाय का गळतात? ह्यास पाच वाटा आहेत.

पहिली वाट, मोडलेली झोप. आडवे पडले म्हणजे नाकाच्या अस्तरात रक्त अधिक उतरते व चोंदलेले नाक आणखी चोंदते. मनुष्य तोंडाने श्वास घेतो, घोरतो, घसा कोरडा पडून जागा होतो, कूस बदलतो. त्यास वाटते आपण आठ तास निजलो. परंतु ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. पहाटे शिंकांचा जोर सर्वांत अधिक असतो, त्यामुळे गाढ झोपेचा शेवटचा भागही हातचा जातो. ज्यास त्वचेची खाज आहे, त्याची रात्र तर खाजविण्यात जाते. अशा पंधरा रात्री गेल्यावर कोणाही धडधाकट मनुष्याचे अंग गळेल, चित्त ठिकाणावर राहणार नाही, व तो लहानसहान गोष्टींवर चिडेल. शाळेत पेंगणाऱ्या मुलाचे तोंड जर उघडे राहत असेल व तो हाताच्या तळव्याने नाक वर चोळीत असेल, तर छडी उचलण्यापूर्वी त्याच्या आईस विचारावे, की हा रात्री कसा निजतो.

दुसरी वाट, राखणदाराचीच दमणूक. शरीर लढत असते तेव्हा ते काही संदेशद्रव्ये रक्तात सोडते. पडसे किंवा फ्लू झाला असता अंग मोडून येते ते ह्याच जातीच्या द्रव्यांमुळे. वावड्यातही अशी द्रव्ये सुटतात. त्यांचा जोर कमी असला तरी ती आठवडेच्या आठवडे सुटत राहतात, आणि डोके जड, अंग सुस्त अशी स्थिती येते.

तिसरी वाट, दमा. ज्याच्या श्वासनळ्या आकसतात, त्यास नुसता श्वास घेण्यास श्रम पडतात. चढ चढताना धाप लागणे, रात्री खोकल्याने उठणे, छातीत शिट्टीसारखा आवाज होणे, ही दम्याची चिन्हे होत. अशा मनुष्यास उसाची मोळी उचलता आली नाही, तर तो कामचुकार आहे असे समजू नये.

चौथी वाट, औषध. हे वाचून कित्येकांस नवल वाटेल. हिस्टामिनास अडविणाऱ्या औषधांचा शोध प्रथम १९३७ साली डॅनियल बोव्हे ह्यांच्या प्रयोगांतून लागला. बोव्हे ह्यांस १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हिस्टामिनाचे आणखी एक काम आहे. मेंदूत तेच द्रव्य मनुष्यास जागे ठेवते. क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन इत्यादी जुनी औषधे मेंदूतही शिरतात, व तेथील हिस्टामिनास अडवून झोप आणतात. सर्दीच्या म्हणून दुकानातून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत हीच औषधे असतात. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहू शकते. सेटिरिझिनाने गुंगी कमी येते, तरी काहींस येतेच. लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन ह्यांनी ती फारच कमी येते. तेव्हा गोळी घेऊन शिंका थांबल्या परंतु दिवसभर झापड राहिली, तर रोग वाढला असे न समजता डॉक्टरांस गोळी बदलून मागावी.

येथे जिवावरचे संकट आहे, हे लक्षात असू द्यावे. उसाने भरलेल्या दोन ट्रेलरांचा ट्रॅक्टर हाकणारा, कडबाकुट्टीत वैरण लोटणारा, मळणीयंत्रावर उभा राहणारा, विहिरीच्या काठावर मोटार सुरू करणारा, ह्यांपैकी कोणीही गुंगीचे औषध घेऊन कामावर जाऊ नये. त्यावर दारू प्यालेली असेल तर गुंगी आणखी वाढते. एका शिंकेपायी बोटे गमावणे हा सौदा कोणास परवडेल?

पाचवी वाट, चोरून दिलेले स्टेरॉइड. खाजेने व दम्याने गांजलेला मनुष्य कोणाकडेही जातो. काही ठिकाणी परवाना नसलेले लोक बिननावाची पुडी, बारीक गोळी अथवा सुई देतात, व दोन दिवसांत जादू झाल्यासारखे बरे वाटते. अशा पुडीत पुष्कळदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ह्यांसारखे स्टेरॉइड असते. योग्य डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेले हे औषध प्राण वाचविते. परंतु महिनोन्महिने घेतल्यास तोंड सुजते, रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि शरीर स्वतः तयार करीत असलेले तसलेच आवश्यक द्रव्य तयार करण्याचे सोडून देते. मग पुडी एकदम बंद केली, तर मनुष्य अंथरुणास खिळतो, चक्कर येते, उलट्या होतात, कधी जिवावर बेतते. म्हणून असे औषध ज्यांच्या पोटात पुष्कळ दिवस गेले आहे, त्यांनी ते आपल्या मनाने सोडू नये. पुडी घेऊन दवाखान्यात जावे, व ते हळूहळू कसे कमी करावे हे विचारावे.

४. सर्व थकवा वावड्याचा नसतो

एक गोष्ट शिकली म्हणजे सर्वत्र तीच दिसू लागते, हा मनुष्याचा स्वभाव आहे. ह्या धड्याने तसे होऊ नये. वावड्यात बहुधा ताप नसतो. नाकातील पाणी पातळ व स्वच्छ असते, खाज असते, व त्रास विशिष्ट ऋतूत, विशिष्ट जागी किंवा विशिष्ट कामाच्या वेळी वाढतो. ही चिन्हे नसून नुसता थकवा असेल, तर दुसरे कारण शोधले पाहिजे.

आपल्या बायकांत सर्वांत मोठे कारण रक्त कमी असणे हे होय. गर्भार नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गर्भार स्त्रीचे ११ च्या खाली, व पुरुषाचे १३ च्या खाली असेल, तर त्यास रक्तक्षय समजतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणे, अशी चिन्हे असतील, तर "धुळीची ॲलर्जी आहे" असे म्हणून घरी बसू नये. क्षयाकरिता थुंकी तपासावी. ही तपासणी व क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. तहान फार लागून लघवी वारंवार होत असेल तर मधुमेह पाहावा. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंद झाली तरी सुस्ती येते. आणि दुःखाने, कर्जाच्या काळजीने किंवा घरातील छळाने मन खचले असता जो थकवा येतो तोही खराच; त्यासही डॉक्टरांपुढे सांगण्यात लाज नाही.

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची व थुंकीची साधी तपासणी होते. त्यापुढे इंदापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि बारामती येथे २०१९ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. पुण्यास जाण्याच्या भाड्याअभावी रोग अंगावर काढण्याचे कारण आता पूर्वीएवढे उरलेले नाही.

५. घरी काय करावे?

पहिले काम, वही. दोन आठवडे रोज चार ओळी लिहाव्या. आज काय काम केले, कोठे गेलो. शिंका केव्हा आल्या. रात्री किती वेळा जाग आली. कोणती गोळी केव्हा घेतली व नंतर झापड आली का. ज्यास लिहिता येत नाही त्याच्याकरिता शाळेतील मुलाने लिहावे. ही वही डॉक्टरांस दाखविली, तर जे तोंडी सांगता येत नाही ते त्यांस एका दृष्टीत कळते.

दुसरे काम, स्वच्छता. रानातून आल्यावर हात, तोंड व मान साबणाने धुवावी, शक्य असेल तर आंघोळ करावी व कामाचे लुगडे किंवा सदरा बदलावा. त्याच कपड्याने अंथरुणावर पडू नये, नाहीतर दिवसाचा पराग रात्रभर उशीस राहतो. धुतलेले कपडे गाजरगवताच्या झुडपांवर वाळत घालू नयेत. गोधड्या व वाकळा कढत पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवाव्या. झाडू मारण्यापूर्वी पाण्याचा शिंतोडा द्यावा, अथवा ओल्या फडक्याने जमीन पुसावी. कडबा व भुसकट निजण्याच्या खोलीत साठवू नये.

तिसरे काम, नाक धुणे. पाणी उकळून निववावे, त्यात थोडे मीठ घालावे, व त्याने नाक हलके धुवावे. पाणी उकळलेलेच असावे. कालव्याचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी नाकात घालू नये.

चौथे काम, योग्य औषध योग्य रीतीने. रोज त्रास होणाऱ्यांस डॉक्टर नाकात मारण्याचा फवारा देतात. त्यातही स्टेरॉइड असते. परंतु ते अल्प असून नाकापुरतेच काम करते, त्यामुळे पुडीतील स्टेरॉइडाचे भय त्यास लावू नये. त्याचा पूर्ण गुण येण्यास काही दिवस लागतात. एक दिवस मारून गुण नाही म्हणून टाकून दिले, तर पैसा व्यर्थ गेला. दम्याचा पंप घेतल्याने त्याची सवय लागते असे जे लोक म्हणतात ते खरे नाही. पंपातील औषध थोडे असून नेमके छातीत जाते, म्हणून तोच बरा.

धोक्याची चिन्हे ही : ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, सर्वांगावर एकाएकी गांध्या उठून चक्कर येणे, धाप इतकी लागणे की एक वाक्य पुरे बोलता येऊ नये. असे झाले तर वही, फवारा, घरगुती उपाय सर्व बाजूस ठेवून १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे.

६. गावाने काय करावे?

एकट्याने आपले अंगण साफ केले तरी शेजारच्या पडीक रानातील पराग भिंत पाहून थांबत नाही. म्हणून गाजरगवत हे सर्व गावाचे काम आहे. ते फुलण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. फुलावर आल्यावर उपटले तर पराग व बी आपल्याच हाताने पसरते. उपटताना हातमोजे घालावे. ते नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातांस बांधाव्या. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, व नाकातोंडास फडके बांधावे. ज्यास ह्या गवताने अंग खाजते किंवा दमा आहे, त्यास ह्या कामास मुळीच लावू नये. उपटलेली झाडे कालव्यात टाकू नयेत, कारण बी पाण्याबरोबर पुढच्या गावी जाते. न फुललेल्या झाडांचे खड्ड्यात कंपोस्ट होते. वाळलेल्या ढिगास आग लावून धूर करणे हा उपाय नव्हे.

१९८४ साली बंगळूर येथे मेक्सिको देशातील एक लहान भुंगा ह्या गवतावर सोडण्यात आला. तो गाजरगवताची पाने खातो व पावसाळ्यात वाढतो. आपल्याकडेही तो आता दिसतो. अंगावर काळपट रेघा असलेला हा पिवळट भुंगा दिसला तर त्यास मारू नये. पडीक जागी टाकळ्याचे बी टाकल्यास टाकळा दाट उगवून गाजरगवतास मागे सारतो. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजरगवताविषयी जागृतीचा म्हणून पाळतात. शाळा, मंडळी व ग्रामपंचायत ह्यांनी त्या आठवड्यात एक सकाळ ठरविली, तर गावठाण, शाळेचे आवार व पाणवठ्याची वाट एवढे तरी मोकळे होईल.

७. रोज कमावून खाणाऱ्यांविषयी

येथवर जे उपाय सांगितले, ते ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे त्यास सोपे आहेत. परंतु आपल्या भागात दरवर्षी गळिताच्या हंगामात बीड व अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतून ऊसतोडीची कुटुंबे येतात. ती पाचटाच्या कोपीत राहतात व पहाटे अंधारात फडात शिरतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मजुरी टनावर मिळते, व आधी घेतलेली उचल फेडावयाची असते. त्यांत एखाद्या बाईचे नाक रात्रभर चोंदले, डोळे सुजले, व सकाळी तिचा हात चालेना, तर तिचा खाडा होतो. आणि खाड्याचे पैसे कापले जातात. थकवा आल्यावर विसावा घ्यावा, हा सल्ला तिच्यापुढे वाचणे म्हणजे उपाशी मनुष्यास पथ्य सांगण्यासारखे आहे.

तेव्हा अशांकरिता आपण काय करू शकतो, हे ठरविले पाहिजे. आपल्या शेतात टोळी उतरली असेल, तर धुण्याकरिता स्वच्छ पाणी व साबण देणे आपल्या हाती आहे. कोपीभोवतालचे गाजरगवत ती घालण्यापूर्वीच काढून टाकणे आपल्या हाती आहे. झापड न आणणारी गोळी मिळावी म्हणून त्या बाईस आपल्या गाडीवरून आरोग्य केंद्रापर्यंत नेणे, व डॉक्टरांपुढे तिच्या वतीने दोन शब्द बोलणे, हेही आपल्या हाती आहे. मुकादमास सांगावे, की मोळी वाहण्याऐवजी आज तिला हलके काम दे, खाडा मांडू नको. तो न ऐकेल. परंतु सांगणारे चार झाले तर ऐकेल.

आणि जे काम पैशावाचून होते तेही सांगून ठेवतो. आपल्या घरात, वर्गात वा टोळीत कोणास आळशी म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे : रात्री झोप लागते का? नाक वाहते का, की चोंदते? कोणते औषध घेतोस? हे विचारण्यास चार पळे पुरतात. ह्या तीन प्रश्नांनी प्रत्येक वेळी रोग सापडेल असे नाही. परंतु ज्यास वर्षानुवर्षे केवळ बोल मिळाले, त्यास प्रथमच कोणी प्रश्न विचारला असे होईल, आणि तो दवाखान्याची वाट धरील.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. शरीराच्या राखणदाराची कोणती चूक म्हणजे वावडे? आपल्या शब्दांत सांगा.
२. गाजरगवताच्या परागाचा त्रास व पानांचा त्रास ह्यांत कोणता भेद आहे?
३. वावड्याच्या मनुष्यास थकवा कोणत्या पाच वाटांनी येतो? त्यांपैकी कोणती वाट आपल्या गावात अधिक दिसते?
४. कोणती चिन्हे दिसली असता थकवा वावड्याचा न मानता रक्त किंवा थुंकी तपासावी?
५. बिननावाची पुडी एकदम बंद करणे धोक्याचे का?
६. आपल्या गावात गाजरगवत कोठे सर्वांत दाट आहे, व ते फुलण्यापूर्वी काढण्यास कोणता दिवस सोयीचा होईल? येणाऱ्यांची नावे आजच लिहून घ्या.